उंची कमी केली आणि ट्रॅव्हल वाढलं: माझ्या जिप्सीच्या सस्पेन्शनचा अनुभव

माझी जिप्सी किंग सेकंडहँड, घेतली तेव्हाच लिफ्ट केलेली होती. दिसायला एकदम दणकट, शेजारी थार उभी राहिली तरी हिची मान वर. पण हरसूलच्या बाजूला एका नाल्यात उतरवली आणि पुढचं डावं, मागचं उजवं अशी दोन चाकं चक्क हवेत. जिप्सीला कंपनीतून पुढे-मागे दोन्ही डिफरन्शियल (एक्सलच्या दोन चाकांत ताकद वाटणारे गिअर) ओपन, म्हणजे लॉक न होणारे, यायचे, त्यामुळे फोर व्हील लावा नाहीतर लो रेंज (कमी वेगाचे, जास्त जोराचे गिअर) लावा, हवेत असलेलं चाक नुसतं फिरत बसतं आणि जमिनीवरचं तसंच गप्प. ज्या गाडीला लॉक नाही तिला चारही चाकं जमिनीला टेकून ठेवणं हाच एक आधार, आणि नेमकं तेच होत नव्हतं.

लिफ्ट आणि ट्रॅव्हल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लोकांना पटकन पटत नाही. लिफ्ट म्हणजे गाडी उभी असताना चासी किती वर आहे ते. ट्रॅव्हल म्हणजे चाक वर किती दबतं आणि खाली किती लोंबतं याची बेरीज. जिप्सीला पुढे-मागे सरळ एक्सल आणि चारही कोपऱ्यात कमान पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, एका पट्टीला पान म्हणतात), पाटे एक्सलच्या खालून जातात. आधीच्या मालकाने प्रत्येक पाट्यात एक जाड पान घातलेलं, शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी हलती पट्टी) लांब लावलेले, आणि शॉकअप (शॉक अब्सॉर्बर) मात्र कंपनीच्या मापाचेच ठेवलेले. म्हणजे गाडी वर गेली पण शॉकअप उभ्या गाडीतच जवळजवळ पूर्ण ताणलेला, चाक खाली जायला जागाच नाही. चासी जॅकवर घेतली तेव्हा स्पष्ट दिसलं, एक्सल पाट्यावर नाही तर शॉकअपवर लटकत होता, मागच्या उजव्या शॉकअपचं खालचं रबर बुश फाटून बाहेर आलेलं. रस्त्यावर खड्ड्यात टक्‌ असा जो आवाज यायचा तो तिथला.

काम सुरू करायच्या आधी मोजून घ्यायचं ठरवलं, नाहीतर नंतर नुसतं "वाटतंय बरं झालं" एवढंच हातात राहतं. बाहेरच्या देशात यासाठी २० अंशाचा रॅम्प वापरतात, एक पुढचं चाक रॅम्पवर चढवायचं, दुसरं कुठलंही चाक उचललं की थांबायचं, रॅम्पवर जेवढं अंतर गेलं त्याला व्हीलबेसने (पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराने) भागून हजाराने गुणायचं. आपल्याकडे रॅम्प कुठला, पण अंबड एमआयडीसीत एका मित्राच्या शेडमध्ये फोर्कलिफ्ट आहे. रविवारी शेड रिकामी असते तेव्हा गाडी नेली, इतर चाकांना लाकडी ठोकळे लावले, पुढच्या डाव्या चाकाखाली फोर्क घातले आणि हळूहळू उचललं. मित्र मागे वाकून कागदाचा तुकडा चाकाखाली सरकवून बघत होता, ज्या क्षणी कागद सुटा आला तिथे थांबलो. ३४ सेंटीमीटर. जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिलीमीटर, तर तेवढी उंची गाठायला २० अंशाच्या रॅम्पवर जेवढं चढावं लागेल त्या हिशोबाने आकडा साधारण ४१९ आला. एवढ्या उंच दिसणाऱ्या गाडीला हा आकडा अगदीच कमी.

मग पाटे. नाशकात पाट्याचं काम म्हटलं की आडगावकडची ट्रकची दुकानं, तिथे एक चाचा आहेत, आयुष्य पाट्यातच गेलेलं. त्यांनी सेंटर बोल्ट काढला, पानं सुटी करून ओळीने फरशीवर मांडली, आणि बाहेरून घातलेलं पान बोटाने वाजवून म्हणाले, "भाऊ, हे पान माल वाहायचं आहे. तुमच्या गाडीत माल कुठे आहे?" कॅलिपर लावला तर गाडीचं बाकीचं पान ६ मिलीमीटर आणि हे ७. एक मिलीमीटरने काय होतं असं वाटेल, पण पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या हिशोबाने वाढतो, म्हणजे ७ चं पान ६ च्या पानापेक्षा जवळजवळ १.६ पट कडक. हलक्या जिप्सीला असं पान घातल्यावर ती वाकणार कशी! पानांच्या मधे गंज आणि धुळीचा थर बसलेला, पानं एकमेकांवर सरकतच नव्हती, जिथे एका पानाचं टोक दुसऱ्यावर घासतं तिथे चक्क खाच पडलेली.

जाड पानं काढून टाकली. बाकीची ग्राइंडरने साफ केली, टोकांच्या धारदार कडा गोल केल्या, मधे ग्रेफाइट ग्रीस लावलं आणि पुन्हा बांधली. पानं धरून ठेवणाऱ्या क्लिपा मी थोड्या सैल ठेवा म्हणालो, चाक खाली जाताना पानं उघडली तर जास्त लोंबतं म्हणून. चाचांनी साफ सांगितलं, थोड्या म्हणजे थोड्याच, कारण क्लिप उघडी टाकली की सगळा ताण मेन पानावर येतो आणि मेन पान डोळ्यापाशी (टोकाला बोल्टसाठी वळवलेल्या गोल भागापाशी) तुटलं तर एक्सल जागा सोडतो. ते पटलं. लांब शॅकल काढून कंपनीच्या मापाच्या जवळचे घेतले. या सगळ्यात गाडी दीडेक इंच खाली आली. आणि ते चांगलंच झालं, कारण जेवढी गाडी खाली बसते तेवढं चाकाला खाली लोंबायला अंतर मिळतं.

खरा वेळ गेला तो शॉकअपच्या मापात. सातपूरच्या मिस्त्रींकडे चासी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेतली, चारही शॉकअप काढून टाकले, आणि एका बाजूने एक्सल जॅकने वर दाबत गेलो, एक्सलला वर जाताना शेवटी अडवणारा रबरी गुटका टेकेपर्यंत. तिथे शॉकअपच्या वरच्या आणि खालच्या बोल्टमधलं अंतर लिहिलं. मग तीच बाजू पाटा जाईल तिथवर सोडून परत अंतर लिहिलं. शॉकअप असा हवा की पूर्ण दबलेला असताना पहिल्या मापापेक्षा थोडा लहान आणि पूर्ण ताणलेला असताना दुसऱ्या मापापेक्षा थोडा मोठा. अडचण अशी की लांब ताणणारा शॉकअप दबल्यावरही लांबच राहतो. मागच्या बाजूला तो गुटक्याच्या आधीच तळाला लागत होता, म्हणून गुटक्याखाली पॅकिंग दिलं. वरचा थोडा ट्रॅव्हल त्यात गेला, पण शॉकअप आतून फुटण्यापेक्षा ते बरं.

आता चाक जेवढं खाली जातं तेवढंच त्याला जोडलेलं सगळं खाली जातं, आणि इथे कंजूषी करू नये असं मला मनापासून वाटतं. एक्सल पूर्ण सोडून स्टीअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवलं तर पुढचा ब्रेक होज (ब्रेक ऑइलची रबरी नळी) तारेसारखा ताणला जात होता. लांब होज टाकले, ब्लीडिंग करून म्हणजे ब्रेकमधली हवा काढून घेतली. एक्सलच्या ब्रीदर पाइपकडे (आतली हवा ये-जा करायची नळी) कुणी बघत नाही, तो पण लांब केला, नाहीतर निसटतो आणि पाण्यात गेलं की डिफरन्शियलच्या तेलात पाणी. प्रोपेलर शाफ्टचं (एक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्याचं) स्प्लाइन, म्हणजे आत-बाहेर सरकणारा दात्यांचा जोड, पूर्ण लोंबलेल्या अवस्थेत किती आत उरतं ते खडूची खूण करून पाहिलं, भरपूर उरत होतं. मागच्या क्रॉसचा (शाफ्टच्या टोकाच्या सांध्याचा) अँगल बिघडलेला होता, तिथे पाटा आणि एक्सलच्या मधे लोखंडी पाचर बसवली.

शेवटी बोल्ट. शॅकलचे आणि पाट्याचे बुश बोल्ट गाडी टायरवर उभी करून, दोन-चार वेळा दाबून मगच टाइट करायचे. हवेत लटकत असताना टाइट केले तर रबर तिथेच पकडतं, गाडी खाली आली की कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मिस्त्रींचा पोरगा घाईत हवेतच पाना लावत होता, त्याला म्हटलं थांब रे, आधी खाली उतरव. पाटा एक्सलला बांधणारे यू-बोल्ट सगळे नवीन, एकदा ताणलेला यू-बोल्ट परत वापरायचा नाही.

परत अंबडला त्याच फोर्कलिफ्टवर. ५० सेंटीमीटरला कागद सुटा झाला, म्हणजे ६१५ च्या आसपास. मित्राने टेप परत लावून बघितला, त्याचा विश्वास बसेना.

रस्त्यावर काय बदललं तर मुंबई-आग्रा हायवेवर गाडी आता आपटत नाही, पण कसारा घाटात वळणावर आधीपेक्षा जास्त झुकते, वेग कमी ठेवावा लागतो. घरच्यांना मागे बसवताना मी ते आधीच सांगतो. आणि एक, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल मालकाला करू देत नाही, इन्शुरन्सवाले पण अपघातानंतर बदल बघतात, तेव्हा काहीही कापाकापी करायच्या आधी आरटीओत विचारून घ्या. मला गाडी कंपनीच्या उंचीकडे परत आणायची होती यात हेही एक कारण होतंच.

पाऊस थांबल्यावर हरसूलच्या त्याच नाल्यात नेली. मागचं उजवं चाक खाली लोंबून कातळाला टेकलं, गाडी लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये न थांबता वर आली. पुढचं डावं मात्र एका जागी अजून जरासं उचलतं, पुढच्या पाट्यांचं एक पान अजून हलकं करता येईल का हे चाचांना विचारायचंय. घरी आल्यावर यू-बोल्ट परत तपासले, पुढचे दोन पाव फेरा फिरले, मागचे जागेवर होते.