भाड्याचा प्रिंटर, राउटरवरचा ताण आणि एक पासवर्ड

आमच्या करसल्लागार ऑफिसात भाड्याचं मल्टिफंक्शन मशीन (प्रिंट, स्कॅन, कॉपी सगळं एकात) आहे. राउटरच्या लॉगमध्ये सगळ्यात जास्त नोंदी त्याच्याच. रात्री ऑफिस बंद असतानाही ते बाहेरच्या सर्व्हरचा पत्ता डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला, विचारत राहायचं. शिवाय बॉनजूर, डब्ल्यूएसडी, एसएलपी, म्हणजे नेटवर्कवर उपकरणांना एकमेकांची ओळख करून देणाऱ्या सेवा, सगळ्या चालू. त्यांचे मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना जाणारे) संदेश वायफायवर सहसा अगदी कमी वेगाने जातात, त्यामुळे थोडे असले तरी बाकीच्यांना खोळंबवतात.

मशीनचं वेब पेज उघडलं, तर ॲडमिन पासवर्ड हवा. भाड्याने देणाऱ्या कंपनीला फोन केला. "मॅडम, इंजिनिअर आला की करेल." इंजिनिअर आला आणि म्हणाला, पासवर्ड हेड ऑफिसकडे. हेड ऑफिस म्हणालं, मेल करा. मेल केला, तिकीट नंबर आला आणि काहीही न करता तिकीट बंदही झालं! रिटर्न भरायचे दिवस, पोर्टल आधीच रखडत चाललेलं, आणि मी कस्टमर केअरची धून ऐकत बसलेले. माझ्या ऑफिसातलं, माझ्या नेटवर्कवरचं मशीन, आणि त्याचं कुलूप दुसऱ्याच्या हातात. अजूनही चीड येते. शेवटी खरं कारण कळलं: मीटर रीडिंग, म्हणजे किती पानं छापली तो आकडा, इंटरनेटवरून त्यांच्याकडे जात होतं. करारात तशी अट नव्हती. दर महिनाअखेरीला काउंटर पेजचा फोटो पाठवेन, असं लेखी कळवलं, तेव्हा पासवर्ड मिळाला. नवा करार करताना हा मुद्दा आधीच लिहून घ्या.

पुढचं काम सोपं. डीएचसीपी (राउटरकडून आपोआप पत्ता घेणं) बंद करून राउटर वाटतो त्या पत्त्यांच्या पूलबाहेरचा स्थिर आयपी दिला, मास्क २५५.२५५.२५५.०, आणि गेटवे, म्हणजे इंटरनेटकडे जायचा रस्ता, ०.०.०.० करून काढून टाकला. कोणते पत्ते आपल्याच नेटवर्कमधले हे मास्कवरून ठरतं, म्हणून तो नेटवर्कशी जुळलाच पाहिजे, नाहीतर शेजारचा कॉम्प्युटरही मशीनला परका वाटतो. गेटवे काढल्यावर स्कॅन टू ईमेल बंद पडतं. कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये थेट जाणारं स्कॅन चालतं, आणि आम्ही तेच वापरतो. सर आयफोनवरून प्रिंट देतात म्हणून बॉनजूर ठेवलं, बाकीचे बंद केले.

कॉम्प्युटरवर डब्ल्यूएसडी पोर्ट काढून थेट मशीनच्या आयपीवर प्रिंट पाठवणारा स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट घातला, ९१०० नंबरचा. तिथली एसएनएमपी स्टेटसची टिकही काढा. ती असली की प्रत्येक कॉम्प्युटर मशीनची स्थिती विचारत राहतो आणि उत्तर नाही मिळालं तर चालू प्रिंटर ऑफलाइन दाखवतो.

हो, हात लावण्याआधी कॉन्फिगरेशन पेज छापून ठेवा. फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करायचं असेल तेव्हा त्यावरचा जुना गेटवे तेवढ्यापुरता परत घालता येतो.