शर्ली कॉलिन्सचा परतलेला आवाज

रविवार, रात्री उशिरा

दुपारपासून इंग्लिश लोकगायिका शर्ली कॉलिन्सच ऐकते आहे. आधी १९६७ चा 'द स्वीट प्रिमरोझेस' हा अल्बम, मग लगेच २०१६ चा 'लोडस्टार'. पहिल्यात कोवळा, स्वच्छ गळा आणि साथीला थोरल्या बहिणीचा, डॉलीचा, छोटा ऑर्गन. दुसऱ्यात ऐंशी ओलांडलेल्या बाईंचा खाली उतरलेला, जरा खरखरीत आवाज. मला दुसराच जास्त भिडतो.

बाई इंग्लंडमधल्या ससेक्सच्या, १९३५ चा जन्म. युद्धात विमानं यायची तेव्हा आसऱ्याला बसल्या जागी आजी-आजोबा दोघी नातींना गाणी म्हणून दाखवायचे. गाणं आलं ते असं घरातून. १९५९ मध्ये अमेरिकन लोकगीत-संग्राहक अॅलन लोमॅक्सबरोबर त्या अमेरिकेच्या दक्षिण भागात लोकगीतं ध्वनिमुद्रित करत फिरल्या. तेव्हाच मिसिसिपीत ब्लूज गाणारा फ्रेड मॅकडॉवेल भेटला. दिवसभर शेतात राबून संध्याकाळी गिटार घेऊन आलेला माणूस! त्याचं पहिलं ध्वनिमुद्रण होताना ही चोवीस वर्षांची मुलगी तिथे हजर होती. मला या गोष्टीचा खरंच हेवा वाटतो.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस संसार मोडला. नवरा अॅशली हचिंग्ज, तोही याच क्षेत्रातला. त्या दिवसांत नॅशनल थिएटरच्या एका प्रयोगात त्या गात होत्या. गायला उभं राहावं आणि आवाजच फुटू नये, असं व्हायला लागलं. पुढे गाणं सुटलं ते सुटलंच. दुकानात, कचेरीत नोकऱ्या करून त्यांनी मुलं वाढवली. १९९५ मध्ये डॉली गेली. बहिणीचं परत गाणं तिला ऐकायलाच मिळालं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

डेव्हिड टिबेट नावाचा संगीतकार परत गा म्हणून कितीतरी वर्षं त्यांच्या पाठीस लागला होता. शेवटी २०१४ मध्ये लंडनच्या युनियन चॅपलमध्ये त्या दोन गाणी गायल्या. 'लोडस्टार' मात्र लुइस गावच्या राहत्या घरीच ध्वनिमुद्रित झाला. आधीच्या अल्बमनंतर अडतीस वर्षांनी!

त्यातलं 'क्रूअल लिंकन' आज पुन्हापुन्हा लावलं. मजुरी बुडवली म्हणून एक गवंडी मालकाच्या बायकोचा आणि तान्ह्या बाळाचा जीव घेतो. इतकं भयंकर कथानक, पण बाई कुठेही आवाज चढवत नाहीत, हुंदका आणत नाहीत. मागे पक्ष्यांची किलबिल चालू असते, आणि त्या जे घडलं ते सांगत जातात. गाणाऱ्याने गाण्याच्या आड येऊ नये हा त्यांचा जन्मभराचा आग्रह. तरुणपणीही त्या अशाच गायल्या. म्हणून तर गळा थकला तरी गाणं थकलं नाही, असं मला वाटतं.

त्यानंतर २०२० मध्ये 'हार्ट्स ईझ' आला, २०२३ मध्ये 'आर्केंजल हिल'. तेव्हा त्या सत्त्याऐंशी वर्षांच्या होत्या.