सूर बदलायचा तो आम्हीच का?

"ऑफिसात एक बोलते आणि घरच्यांशी फोनवर दुसरंच, नाटकी आहे नुसती" असं कुणाबद्दल कानावर आलं की मला खरंच राग येतो. अहो सगळेच बदलतात. साहेबासमोर हळू बोलणारा माणूस भाजीवाल्याशी घासाघीस करताना आवाज चढवतो आणि घरी पोराशी बोबडं बोलतो, त्याला कोण नाटकी म्हणतं?

मी मिरजेची, आता नोकरीसाठी पुण्यात. आमच्याकडं कोल्हापूर-सांगली पट्ट्यात बायका-पोरी सर्रास "मी आलो", "मी जेवलो" म्हणतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. माझी रूममेट कोल्हापूरची. आईचा फोन आला की "जेवलो की गं आत्ताच, तू जेवलीस न्हवं?" असं मोठ्यानं, हात हलवत, हसत चाललेलं असतं, आणि तेवढ्यात ऑफिसचा कॉल आला की खुर्चीत सरळ बसते, आवाज अर्ध्यावर येतो आणि "हो मॅडम, मी लगेच पाठवते" सुरू. मधे एक सेकंदही जात नाही. ही केवढी मोठी कला आहे, पण तिचं कौतुक कुणी करत नाही. उलट चुकून एखादा "आलो" मीटिंगमध्ये निसटला की चार जण हसतात आणि मग ती दिवसभर मोजून मापून बोलते.

अमेरिकेत विल्यम लबोव नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं 1962 मध्ये न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत जाऊन बघितलं होतं. एक महागडं, एक मधलं, एक स्वस्तातलं. चौथ्या मजल्यावर मिळणारी वस्तू कुठंय असं विचारायचं, म्हणजे उत्तरात "फोर्थ फ्लोअर" येणारच, आणि ऐकू आलं नाही असं दाखवून परत वदवून घ्यायचं. तिथं या शब्दांतला "र" बरेच जण बोलताना गाळायचे. महागड्या दुकानात काम करणाऱ्यांच्या तोंडी तो "र" जास्त ठळक, स्वस्तातल्यांच्या तोंडी सगळ्यात कमी, आणि दुसऱ्यांदा नीट सांगताना तो वाढायचा. म्हणजे गिऱ्हाईक कुठलं, समोर कोण आहे यावर जीभ वळते. मला यात एवढंच दिसतं की वळतो तो काउंटरमागचा माणूस.

पण असंच असायला पाहिजे असं काही नाही, आणि हे मी आमच्या शेजारच्या कुपवाडमुळं म्हणते. आता ते सांगली-मिरजेबरोबर एकाच महापालिकेत आहे, पण गाव होतं तेव्हा तिथं गम्पर्झ आणि विल्सन या दोघा भाषा-अभ्यासकांनी गावातल्या बोलण्याचा अभ्यास केला, 1971 मध्ये तो छापून आला. जैन घरात कानडी, मुसलमान घरात उर्दू, कुणाची मराठी, आणि चारचौघांत व्यवहाराला बहुतेक मराठी. शेकडो वर्षं एकमेकांशी बोलून बोलून तिन्ही भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत करता यायचं. शब्द आपापले राहिले, घरात कुणी आपली भाषा सोडली नाही, पण सरकले सगळेच. आमच्याही घरात कानडीच, आजी दारात आलेल्या माणसाला बघून भाषा बदलायची आणि तो माणूससुद्धा तिच्याशी दोन शब्द कानडीत बोलायचा. दोघंही थोडं थोडं पुढं यायचे.

पुण्यात हे होत नाही, म्हणजे मला तरी दिसत नाही. आम्ही इथं येऊन "कुठं"चं "कुठे" करतो, "लई"चं "खूप" करतो, पण इथला माणूस कोल्हापूरला चार दिवस राहून आला तरी तसाच परत येतो, वर तिकडचं बोलणं नक्कल करून दाखवतो.

आता मी फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेते. मागं जतकडचा एक मुलगा आला होता, इंग्लिशमध्ये पाठ केलेलं सांगत होता, घाम फुटलेला, हात मांडीखाली. मी विचारलं, "कुठनं आलास रे, रात्रीच्या गाडीनं व्हय?" तो क्षणभर बघतच राहिला, मग म्हणाला, "व्हय मॅडम, डायरेक्ट स्टँडवरनंच आलो." त्यानंतर त्यानं कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये डेटाबेस का स्लो चालत होता आणि इंडेक्स टाकून तो कसा सुधारला हे बोर्डवर काढून सांगितलं, निम्मं मराठीत निम्मं इंग्लिशमध्ये, एकदाही न अडखळता. मी त्याला पुढच्या राउंडला पाठवलं.