डीबी स्पेक्ट्रमला घरी बनवलेला सिरीयल पोर्ट

मामाकडून आलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस पहिल्याच झटक्यात चालू झाला. पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने १९८६ साली इंग्लंडच्या सिंक्लेअरच्या परवान्याने भारतात आणलेला हा घरगुती कॉम्प्युटर. आत तोच ३.५ मेगाहर्ट्झचा झेड-८० प्रोसेसर, १६ के रॉम आणि ४८ के रॅम. रडत होता तो प्रोग्राम लोड करायचा टेपरेकॉर्डर. त्याचा बेल्ट सैल पडला होता, आणि धड लोड झालंच तर ४८ के भरायला पाच मिनिटं. मला लॅपटॉपवर लिहिलेला कोड वायरीने सरळ आत ढकलायचा होता.

यासाठी एसडी कार्डवाले तयार इंटरफेस मिळतात. माझा त्यांना विरोध नाही, पण स्पेक्ट्रमपेक्षा कितीतरी ताकदवान चिप त्याच्याच पाठीला लावून ‘जुनं मशीन चालवतोय’ म्हणणं मला पटत नाही. त्या काळात मिळाले असते असेच आयसी वापरायचे, एवढं मी ठरवून टाकलं. सिंक्लेअरच्या इंटरफेस १ या जोडकार्डात आरएस-२३२ (एकामागून एक बिट पाठवणारं सिरीयल पोर्ट) होतं, पण त्यात यूआर्ट, म्हणजे बाइटचे बिट करून पाठवणारा आयसी, नव्हता. एकेक बिट मोजायचं काम झेड-८० लाच करावं लागे. माझ्याकडे एक बरा पर्याय होता: ८२५१ हा यूआर्ट. डिप्लोमाला ८०८५ च्या किटवर ज्याने हात काळे केलेत, त्याला हा आयसी ओळखीचा असतो.

खरी मजा पत्त्यांची. स्पेक्ट्रममध्ये आयओ पोर्टचे पत्ते पूर्ण डीकोड केलेले नाहीत. ए० हा पत्त्याचा बिट शून्य झाला की स्क्रीन-कीबोर्ड सांभाळणारा यूएलए हा आयसी उत्तर देतो, मग बाकीचे बिट काहीही असोत. ए२ प्रिंटरने घेतलेला, ए३ आणि ए४ इंटरफेस १ ने, ए५ केम्प्स्टन जॉयस्टिकने. उरले ए६ आणि ए७. म्हणून ए६ आणि आयओआरक्यू (झेड-८० चा ‘पोर्टशी बोलतोय’ हा सिग्नल) ७४एलएस३२ च्या एका ऑर गेटमधून काढून ८२५१ च्या चिप सिलेक्टला दिले, आणि ए७ सरळ कंट्रोल की डेटा ठरवणाऱ्या सी/डी पिनला. झाला कंट्रोल पोर्ट १९१ आणि डेटा पोर्ट ६३. झेड-८० चा एम१ सिग्नल यात का घेतला नाही, असं कुणी विचारेल. इंटरप्टच्या वेळी आयओआरक्यू खाली जातो खरा, पण आरडी आणि डब्ल्यूआर (वाचायचा आणि लिहायचा सिग्नल) वरच राहतात, त्यामुळे ८२५१ गप्प बसतो. रीसेट मात्र उलटा करून द्यावा लागतो, कारण झेड-८० ला तो लो हवा आणि ८२५१ ला हाय.

क्लॉकला स्पेक्ट्रमचाच ३.५ मेगाहर्ट्झ घ्यावा, असं कुणालाही वाटेल. डेटाशीट उघडली की विचार बदलतो: ८२५१ए ला ३२० नॅनोसेकंदांपेक्षा छोटी सायकल चालत नाही, म्हणजे साधारण ३.१ मेगाहर्ट्झच्या वर नाही. शिवाय यूएलएला स्क्रीनची मेमरी वाचायची असली की तो झेड-८० चं क्लॉक चक्क थांबवून ठेवतो. असल्या क्लॉकवर बॉड रेट (सेकंदाला किती बिट) काय टिकणार? म्हणून वेगळा २.४५७६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणि त्याला भागणारा ७४एचसी४०६० काउंटर. क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी ८२५१ च्या क्लॉकला, आणि तिला १६ ने भागून ४०६० च्या ७ नंबर पिनवर मिळणारे १५३.६ किलोहर्ट्झ पाठवण्या-घेण्याच्या क्लॉकला, म्हणजे टीएक्ससी-आरएक्ससीला. १६ पट मोडमध्ये हे बरोब्बर ९६०० बॉड. सीटीएस (पाठवायची परवानगी देणारी) पिन ग्राउंडला. ती मोकळी सोडली तर ८२५१ एक अक्षर बाहेर सोडत नाही.

मागच्या एज कनेक्टरसाठी २८ जोड्यांचा, २.५४ मिलिमीटर पिचचा सॉकेट लागतो. तो इथे नाशिकच्या एम.जी. रोडला मिळत नाही. पण जुन्या पीसीच्या मदरबोर्डवरचा आठ बिटांचा आयएसए स्लॉट त्याच पिचचा असतो, ३१ जोड्यांचा. अंबड लिंक रोडचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ ला हटवल्यापासून असला माल एका ठिकाणी सापडत नाही, पाच दुकानं हिंडावी लागतात. बोर्ड मिळाला, स्लॉट उपसला, करवतीने २८ जोड्यांवर कापला आणि पाचव्या जागी खाचेसाठी प्लास्टिकचा तुकडा बसवला. बाकीचे आयसी पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडवरून आणले. त्यातला एक ८२५१ वरून पॉलिश करून नवा नंबर छापलेला निघाला. नखाने शाई निघाली. दुकानदाराने काही न बोलता बदलून दिला, म्हणजे त्याला माहीत असणारच.

पाच व्होल्ट स्पेक्ट्रमच्या ७८०५ रेग्युलेटरवरून घेतले नाहीत. तो बिचारा आधीच तापलेला असतो. कनेक्टरवरच्या नऊ व्होल्टवर कार्डाचा स्वतःचा ७८०५ लावला. शेवटी आरएस-२३२ च्या व्होल्टेजसाठी मॅक्स२३२ आणि नऊ पिनांचा डी कनेक्टर.

तपासणीला माझा मावसभाऊ. तो अंबड एमआयडीसीत सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीनचं मेंटेनन्स बघतो. मी त्याला म्हटलं, “दादा, तुला जुनी गोष्ट दाखवायची आहे, आरएस-२३२.”

“जुनी कसली? सकाळपासून तेच करतोय,” तो म्हणाला.

खरंच आहे. तिथल्या कितीतरी मशीनमध्ये प्रोग्राम अजून याच वायरीने जातात. त्याच्याकडे लाटा दाखवणारा ऑसिलोस्कोप नव्हता, पण युक्ती होती: सतत कॅपिटल यू पाठव. यू म्हणजे ८५, स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून एक-शून्य-एक-शून्य अशी अखंड लाट. ९६०० ला मीटरने ४.८ किलोहर्ट्झ दाखवलेच पाहिजेत. बेसिकमधून पाठवलं तर अक्षरांमध्ये फटी पडतात, म्हणून छोटा मशीन कोड लिहिला. मीटरवर ४.८० आलं.

८२५१ कुठल्या अवस्थेत आहे याचा भरवसा नसतो, म्हणून १९१ वर आधी तीन शून्यं, मग रीसेटचा ६४, मग मोड ७८ आणि कमांड ५५. घेण्याचं काम बेसिकला झेपत नाही. दर मिलिसेकंदाला एक बाइट येतो आणि ८२५१ मध्ये जागा एकाच बाइटची. इंटरप्ट बंद करून, ३२७६८ च्या वर ठेवलेला मशीन कोडचा लूप मात्र आरामात पुरा पडतो. ६९१२ बाइटची अख्खी स्क्रीन सात सेकंदांत येते, तीन पट्ट्यांत, ओळी पुढेमागे भरत. टेपवर यालाच पाऊण मिनिट जायचं.

मग दादाला सुचलं की हे त्याच्या सीएनसी मशीनला जोडूया. त्यांच्या कंट्रोलरला ४८०० बॉड, सात बिट, इव्हन पॅरिटी, दोन स्टॉप बिट. मी ४०६० ची वायर ७ वरून ५ नंबर पिनवर नेली आणि मोड ७८ च्या जागी २५० टाकला. पंचवीस पिनांच्या टोकाला त्याने सवयीने ४-५ आणि ६-८-२० या पिना एकमेकींना जोडल्या. मशीनवर पंच (प्रोग्राम बाहेर पाठवायचं बटण) दाबल्यावर स्पेक्ट्रमच्या मेमरीत टक्क्याच्या चिन्हापासून सगळा प्रोग्राम उतरला. फक्त ओळींच्या शेवटी १० होते, ते १३ करावे लागले. बत्तीस अक्षरांच्या ओळीत जी-कोड (मशीनचा प्रोग्राम) वाचताना शॉपमधले चारजण मागे उभे होते.

“आता इथून मशीनला पाठव,” दादा म्हणाला. जॉब लावलेला होता, मी नाही म्हटलं.