ही किल्ली नक्की कोणाची? जीपीजी शिकतानाचा माझा अनुभव

ध्वनिमुद्रित मुलाखती ऐकून त्या शब्दशः उतरवून काढणं हे माझं काम. एका संशोधन प्रकल्पासाठी घरात मारहाण सोसलेल्या बायकांच्या मुलाखती माझ्याकडे येणार होत्या. प्रकल्पप्रमुख मॅडमनी पहिल्याच बोलण्यात अट घातली : उतरवलेला मजकूर मेलने पाठवायचा तर जीपीजी नावाच्या प्रोग्रामने एन्क्रिप्ट करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा बंद करून, आणि स्वतःची डिजिटल सही करूनच. मला ती अट मनापासून पटली. नाव कुठेही येणार नाही या शब्दावर विसंबून ज्या बाईने तोंड उघडलं, तिचं बोलणं कुठल्यातरी सर्व्हरवर कोणालाही वाचता येईल असं पडून राहिलं तर त्या शब्दाला अर्थ काय उरला?

बहुतेक मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे जाताना टीएलएस या सुरक्षा-पद्धतीने झाकलेली असते हे मला माहीत होतं. पण ते झाकण प्रवासापुरतंच. दोन्ही टोकांच्या सर्व्हरवर मजकूर वाचता येईल अशाच रूपात साठतो, आणि खात्याचा पासवर्ड ज्याच्या हाती लागेल त्याला तो दिसतो. जीपीजीचं तसं नाही. मजकूर माझ्याच संगणकावर बंद होतो आणि थेट मॅडमच्या संगणकावर उघडतो. मधल्या सगळ्यांना दिसतो तो निव्वळ अक्षरांचा चिखल.

हे साधन जुनं आहे. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी हे एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर लोकांसाठी खुलं केलं. त्याच धर्तीवर व्हेर्नर कोख यांनी मुक्त सॉफ्टवेअर म्हणून जीएनयू प्रायव्हसी गार्ड लिहायला घेतलं आणि १९९९ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. आज आपण जीपीजी म्हणतो ते हेच. लिनक्सवर ते बहुधा आधीपासून असतं, विंडोजसाठी जीपीजी फॉर विन नावाचा संच मिळतो. त्यात खिडक्या-बटणांची सोयही आहे, पण मी मुद्दाम कमांड लाइन, म्हणजे कमांड टाइप करून काम करण्याची पद्धत, निवडली. त्याचं कारण पुढे सांगते.

सुरुवात 'जीपीजी --फुल-जनरेट-की' या कमांडने होते. ती किल्ल्यांची जोडी बनवते : सार्वजनिक किल्ली, जी जगाला द्यायची आणि जिने इतर जण आपल्यासाठी मजकूर बंद करतात, आणि खासगी किल्ली, जिने आपण तो उघडतो व सही करतो आणि जी आपल्या संगणकाबाहेर जाऊ द्यायची नाही. माझ्याकडे २.४ आवृत्ती होती. तिने आपणहून कर्व्ह २५५१९ हा किल्लीचा प्रकार सुचवला, मी तो स्वीकारला. जुन्या मार्गदर्शिकांत आरएसए या जुन्या प्रकारच्या ४०९६ बिटांच्या किल्लीचा आग्रह दिसतो. त्यातही काही वावगं नाही, पण नव्या किल्ल्या कितीतरी आखूड असतात आणि सहीसुद्धा छोटी होते. मग नाव आणि मेलपत्ता. 'कॉमेंट'ची जागा मी रिकामी ठेवली. तिथे लिहिलेलं किल्लीला कायमचं चिकटतं आणि त्याचा उपयोग काहीच होत नाही. मुदतीसाठी एक वर्ष दिलं.

पासफ्रेजवर, म्हणजे खासगी किल्लीच्या लांबलचक पासवर्डवर, मात्र वेळ घालवला. एकमेकांशी संबंध नसलेले बरेच मराठी शब्द रोमन अक्षरांत, असा तो केला. खासगी किल्लीची फाइल कोणी चोरलीच, तर तिच्या आणि चोराच्या मध्ये हा पासफ्रेज तेवढा उभा असतो. तो विसरलात तर 'पासवर्ड विसरलात?' असं विचारणारं बटण इथे नाही. कुठल्याही कंपनीला फोन करून उपयोग नाही, कारण किल्ली कोणत्याच कंपनीकडे नसते. मला यात भीती वाटण्यापेक्षा समाधान जास्त वाटलं.

किल्ली बनताच जीपीजी एक रद्द-प्रमाणपत्रही तयार करून 'ओपनपीजीपी-रेव्होक्स' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं. किल्ली चोरीला गेली किंवा पासफ्रेज कायमचा विसरला, तर हे प्रमाणपत्र पाठवून 'ही किल्ली आता माझी धरू नका' असं सगळ्यांना कळवता येतं. ती फाइल उघडून पाहिली तेव्हा बनवणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटलं. पहिल्या ओळीतल्या रेघांच्या आधी एक विसर्गचिन्हासारखा कोलन मुद्दाम घातलेला असतो. तो हाताने काढल्याशिवाय प्रमाणपत्र लागू होत नाही, म्हणजे चुकून कोणी आयात केलं तरी किल्ली मरत नाही. त्याची मी छापील प्रत काढून ठेवली, आणि खासगी किल्लीची एक प्रत एरवी कशालाही न जोडलेल्या पेनड्राइव्हवर.

इथवरचं सगळं एका बैठकीत झालं. खरं काम पुढे होतं.

मॅडमची सार्वजनिक किल्ली त्यांनी मेलने पाठवली. 'जीपीजी --इम्पोर्ट' केलं, ती आत आली. चाचणी म्हणून साधी दोन वाक्यांची फाइल एन्क्रिप्ट करायला घेतली, तर जीपीजी अडलं : ही किल्ली तिच्यावर ज्या व्यक्तीचं नाव आहे तिचीच आहे याची खात्री नाही, तरीही वापरायची का? समोर 'हो' किंवा 'नाही'. बहुतेक जण इथे 'हो' दाबून पुढे जातात. मला वाटतं, सगळ्या प्रक्रियेचं मर्म या एका प्रश्नात आहे.

किल्लीवरचं नाव म्हणजे कोणीतरी टाइप केलेली अक्षरं, एवढंच. मॅडमचं नाव आणि त्यांचा मेलपत्ता घालून मी स्वतः मिनिटाभरात एक किल्ली बनवू शकले असते. अशा खोट्या किल्लीने मजकूर बंद केला तर गणितात तसूभरही उणीव राहणार नाही. फक्त तो उघडेल भलत्याच माणसाकडे. किल्ली मेलने आली होती, आणि मेलवर भरवसा नाही म्हणून तर हा सगळा खटाटोप! किल्ल्यांचे सार्वजनिक सर्व्हर असतात, पण जुन्या पद्धतीच्या सर्व्हरवर कोणीही कोणाच्याही नावाची किल्ली चढवू शकत असे. 'कीज डॉट ओपनपीजीपी डॉट ऑर्ग' हा २०१९ मध्ये सुरू झालेला सर्व्हर निदान त्या पत्त्यावर मेल पाठवून खातरजमा करतो. तरी तो पत्त्याची खातरजमा करतो, माणसाची नाही.

यावर उपाय म्हणजे किल्लीचा फिंगरप्रिंट, म्हणजे ठसा. 'जीपीजी --फिंगरप्रिंट' म्हटलं की चाळीस चिन्हं दिसतात, चार-चारचे दहा गट. आकडे शून्य ते नऊ आणि अक्षरं ए ते एफ. पूर्वी लोक सोयीसाठी शेवटची आठच चिन्हं सांगायचे. ती तशीच जुळणारी दुसरी किल्ली साध्या संगणकावरही बनवता येते, म्हणून आखूड क्रमांकावर विसंबायचं नाही. पूर्ण चाळीस चिन्हं, आणि तीही मेलखेरीज दुसऱ्या वाटेने.

मी मॅडमना फोन लावला. त्यांचा आवाज मला ओळखीचा होता, या कामात तोच खरा पुरावा. त्यांनी त्यांच्या पडद्यावरून वाचायचं, मी माझ्या पडद्यावर ताडायचं, असं ठरलं. दुसऱ्याच गटात अडलो. फोनवर 'बी', 'डी' आणि 'ई' सारखेच ऐकू येतात. मॅडम म्हणाल्या, "थांबा, बी बदकाचा, डी डमरूचा, ई ईडलिंबूचा. चालेल?" चाललं. मग माझा ठसा मी वाचला, त्यांनी ताडला. "जुळला. आता तुम्ही म्हणजे तुम्हीच," असं त्या म्हणाल्या तेव्हा मला खरोखर बरं वाटलं. चाळीस चिन्हांपैकी फक्त पहिली-शेवटची पाहून चालत नाही, मधलीही वाचायची, असा त्यांचा आग्रह होता आणि तो योग्यच होता.

त्यानंतर मी त्यांच्या किल्लीवर माझी सही केली. इथे दोन वाटा आहेत. '--साइन-की'ने केलेली सही किल्लीबरोबर जगात फिरू शकते, म्हणजे माझी या व्यक्तीशी ओळख आहे हे सगळ्यांना कळतं. '--एलसाइन-की'ची सही माझ्याच संगणकापुरती राहते. अशा संवेदनशील प्रकल्पात कोण कोणाबरोबर काम करतं हे उघड करायची काही गरज नाही, म्हणून मी दुसरी निवडली. जीपीजीचा अडवणारा प्रश्न त्यानंतर कायमचा थांबला.

'ट्रस्ट' नावाची आणखी एक गोष्ट पुष्कळांना गोंधळात टाकते, तेव्हा दोन ओळी. ही किल्ली मॅडमची आहे, ही एक बाब. मॅडम इतरांच्या किल्ल्या काळजीपूर्वक तपासून सही करतात की नाही, ही निराळी. 'ट्रस्ट' विचारतं ते दुसऱ्या बाबीबद्दल. दोघीच पत्रव्यवहार करणार असाल तर तिथे काहीही न भरता काम चालतं.

आता रोजची कमांड. साइन (सही कर), एन्क्रिप्ट (बंद कर), आर्मर (निकाल साध्या अक्षरांत दे) आणि रेसिपियंट (कोणासाठी) असे चार पर्याय एकाच ओळीत देते. जीपीजी आधी मजकुराचा हॅश, म्हणजे सगळ्या मजकुरावरून गणिताने निघणारी छोटी खूण, काढून त्यावर माझ्या खासगी किल्लीने सही करतं. मग एक नवी कोरी, एकदाच वापरायची सत्र-किल्ली तयार करून सहीसकट सगळा मजकूर तिने बंद करतं, आणि ती सत्र-किल्ली तेवढी मॅडमच्या सार्वजनिक किल्लीने बंद करून सोबत जोडतं. यामुळे तासाभराच्या मुलाखतीचा मजकूरही क्षणात बंद होतो. एक परिणाम लक्षात ठेवावा लागतो : पाठवलेली फाइल मग मला स्वतःलाही उघडता येत नाही. म्हणून कॉन्फिग फाइलमध्ये 'एन्क्रिप्ट-टू'पुढे माझी किल्ली लिहून ठेवली आहे. आता प्रत्येक फाइल दोघींसाठी बंद होते.

सहीचं प्रकरण मात्र आणखी नाजूक आहे. न लपवता नुसती सही करायची असेल तर '--क्लिअरसाइन' आहे. मजकूर तसाच वाचता येतो आणि खाली सहीचा ठोकळा येतो. मी एक सूचनापत्र असं पाठवलं, तर मॅडमकडून उत्तर आलं : 'बॅड सिग्नेचर'. मजकुरात काना-मात्रेचाही फरक दिसत नव्हता. शोधल्यावर कळलं, मेलच्या प्रोग्रामने लांबलचक ओळी मधेच तोडून खाली आणल्या होत्या. सही अर्थावर नसते, बाइटवर असते. देवनागरीत हा धोका आणखी एका जागी लपलेला आहे. 'दुसऱ्या'मधला ऱ युनिकोडमध्ये एकच चिन्ह म्हणून लिहिता येतो, किंवा र आणि त्याखाली नुक्ता अशा दोन चिन्हांनी. डोळ्यांना दोन्ही एकच, हॅशला मात्र पूर्ण वेगळे. वाटेत कुठल्या प्रोग्रामने एकाचं दुसरं केलं की सही मोडली. तेव्हापासून मी काहीही असो, फाइल करूनच जोडते, मेलच्या अंगात मजकूर चिकटवत नाही.

'गुड सिग्नेचर' आलं तरी त्याचा अर्थ नेमका घ्यावा. सही या किल्लीने झाली आहे आणि मजकूर बदललेला नाही, इतकंच ते सांगतं. किल्ली कोणाची, हे त्या फोनवरच ठरलेलं असतं. शिवाय सही केलेला मजकूर कोणासाठी होता हे सहीत नसतं. मॅडमना पाठवलेलं पत्र उघडून कोणी माझ्या सहीसकट तिसऱ्यासाठी पुन्हा बंद करून पाठवलं, तर ते मीच त्याला पाठवलं असं वाटेल. म्हणून प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत मी 'कोणासाठी' आणि तारीख लिहिते.

सर्वांत जास्त जपावं लागतं ते जीपीजी जिथे पोचतच नाही तिथे. मेलचा विषय एन्क्रिप्ट होत नाही. कोणी, कोणाला, केव्हा पाठवलं तेही उघडं राहतं, आणि जोडलेल्या फाइलचं नावही. मुलाखत देणाऱ्या बाईचं नाव फाइलला दिलं तर आतला मजकूर बंद असून काय उपयोग? आमच्या फाइलींना फक्त क्रमांक असतात आणि विषयात 'फाइल' एवढाच शब्द. मूळ उघडी फाइल संगणकावर तशीच राहते, म्हणून अख्खी डिस्कही एन्क्रिप्ट केलेली हवी. शिवाय मेलचे बरेच प्रोग्राम लिहिता लिहिताच मसुदा सर्व्हरवर साठवतात. बंद करण्याआधीच मजकूर तिथे पोचलेला असतो. आणि कोणाच्या हाती कधी माझी खासगी किल्ली पासफ्रेजसह लागलीच, तर आजवर मला आलेलं सगळं जुनंही उघडेल. म्हणून काम संपलेल्या मेल आम्ही खात्यात साठवत नाही.

कमांड लाइनचं कारण सांगायचं राहिलं. २०१८ मध्ये ईफेल नावाचा दोष उघडकीस आला. एचटीएमएल, म्हणजे वेबपानासारख्या सजवलेल्या, मेलच्या आधारे काही मेल-प्रोग्रामांकडून उलगडलेला मजकूर बाहेर पाठवून घेता येत होता. जीपीजीचं गणित तुटलं नव्हतं, पाझर होता तो मेल दाखवणाऱ्या प्रोग्रामात. मी फाइल आधी डाउनलोड करून घेते, मग टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, उघडते. उलगडलेला मजकूर मेलच्या प्रोग्रामला कधी दिसतच नाही. यात दोन पायऱ्या वाढतात, पण त्या बायकांसाठी मला त्या वाढलेल्याच बऱ्या वाटतात.

वर्ष भरत आलं की मुदत 'क्विक-सेट-एक्स्पायर'ने वाढवते. मुदत वाढवली की सार्वजनिक किल्ली मॅडमना पुन्हा पाठवावी लागते, नाहीतर त्यांच्या संगणकावर जुनीच मुदत दिसते आणि जीपीजी माझ्यासाठी काही बंद करायला नकार देतं. ठसा मात्र तोच राहतो, त्यामुळे बदक-डमरू पुन्हा वाचत बसावं लागत नाही.