पत्ते छापण्याआधी एक्सेल तपासा

प्रत्येकावर वेगळा पत्ता असलेली कार्डं डिजिटल मशीनवर छापताना घोळ बहुधा एक्सेलमध्येच झालेला असतो. ३/१२ हा फ्लॅट नंबर तिथे मुकाट्याने तारीख होऊन बसतो. कॉलम आधीच 'टेक्स्ट' करा; नंतर करून उपयोग नाही. मराठी पत्ते असतील तर इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही भारतीय लिपींना चालणारी सेटिंग लावा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात.

खरी मेख कटिंगमध्ये. पिनकोडप्रमाणे लावलेली १००० कार्डं, शीटवर ४. पहिल्या शीटवर १, २, ३, ४ नकोत. १, २५१, ५०१, ७५१ घ्या. सगळ्या शीट एकत्र कापल्यावर चारही गठ्ठे एकावर एक ठेवले की क्रम जुळतो. डेटा मर्ज, म्हणजे यादीतले पत्ते कार्डांवर भरणारी इनडिझाइनची सोय, हे आपोआप करत नाही, यादीच तशी लावावी लागते. कार्डाच्या कडेला बारीक अनुक्रमांक हवाच. शीट अडकली तर नेमकी तीच पुन्हा काढता येते.