मागचे उपटून पुढे

आज शेवटी हेअर ट्रान्सप्लांटची चौकशी करून आलो. वय ३४, टक्कल मोजायच्या 'नॉरवूड' पट्टीवर नंबर ६. म्हणजे कपाळ आणि माथा यांच्यातली सीमारेषा पुसली गेलीय. (७ शेवटचा. तिकडेच चाललोय.)

डॉक्टरांनी मानेच्या वर भिंग लावून बराच वेळ मोजणी केली. मग म्हणाले, "नवीन केस आम्ही तयार करत नाही हो, मागचे उपटून पुढे लावतो. काढले तिथे परत उगवत नाहीत." माझा मागचा साठाही विरळ होत चाललाय. पुढची लाइन भरली तर माथ्याला काही उरत नाही. शिवाय केसगळती थांबवायच्या गोळ्या बंद केल्या तर असलेले केस गळणार आणि लावलेले बेटासारखे उभे!

आधी एका ठिकाणी न तपासताच 'फुल कव्हरेज, ईएमआय आहे' म्हणाले होते. मी जवळजवळ सही करणार होतो.

येताना सलूनमध्ये शिरलो. दादाने सवयीने विचारलं, "मीडियम ठेवू?" दोघंही हसलो. झिरो मशीन मारली. गार वारा थेट टाळूला लागतो, हे नवीनच.

आई दारातच म्हणाली, "अरे, मुंजीत अस्साच दिसत होतास!"